पुढं निघून गेलेलं प्रस्थान

आमचे हे अमेरिकेला गुरुवारी गेले, पण घरातून सोमवारीच गेले होते. मधले तीन दिवस ते आमच्या धाड गावातच होते, आमच्याच अंगणात बाजेवर बसून आमच्याच चुलीवरच्या भाकरी खात होते, फक्त उंबरा ओलांडायची त्यांना बंदी होती. कोणी विचारलं की शालिग्राम कुठे आहे, तर माझ्या सासूबाई त्यांच्या देखत सांगायच्या, "तो गेला ना अमेरिकेले." आणि हे बाजेवरून मान डोलवायचे.

याला कारण प्रस्थान. जोशीबुवांनी पंचांग काढलं आणि गुरुवार पाहून तोंड वाकडं केलं. सोमवारची सकाळ उत्तम, म्हणाले. पण मलकापूरहून रेल्वे गुरुवारची होती, मुंबईहून विमान शनिवारचं होतं, आणि विमानवाल्यांना आमचे जोशीबुवा माहीत नव्हते. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. जाणाऱ्याचा एक कपडा, तांदूळ, सुपारी, हळकुंड असं फडक्यात बांधायचं आणि मुहूर्तावर, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. झालं, माणूस निघाला. मग पाच दिवसांत केव्हाही जा आणि जाताना गाठोडं उचलून न्या. अट एवढीच, की निघालेल्या माणसाने पुन्हा घरात पाऊल टाकायचं नाही आणि निघालेलं गाठोडं माघारी आणायचं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. शेतकऱ्यांच्या पोरांना वर्षभर अमेरिकेतल्या शेतावर ठेवायची एक योजना निघाली. आमच्या गावचे शेषराव गुरुजी यांनी ती वर्तमानपत्रात वाचली, मी ह्यांच्या मागे लागून अर्ज भरून घेतला, आणि धाडच्या मळ्यात वांगी-मिरची पिकवणारा माझा नवरा निवडला गेला. मी एकोणीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेलं, सातवी पास. आनंद इतका की मी भाजीत दोनदा मीठ घालायचे आणि कोणी काही बोलायचं नाही, कारण खाणाऱ्यांचंही डोकं ठिकाणावर नव्हतं.

पहिला घोळ दिशेचा झाला. माझे सासरे महादेवराव, त्यांना मी मामाजी म्हणायचे, त्यांनी गुरुजींना विचारलं की अमेरिका कोणत्या बाजूला आहे. गुरुजी शाळेतला पृथ्वीचा गोल काखेत मारून घेऊन आले.

"पूर्वेकडून गेलं तरी अमेरिका लागते," गुरुजी म्हणाले, "अन् पश्चिमेकडून गेलं तरी लागते."

"मंग ते हाये तरी कुठी?"

गुरुजींनी एक बोट आपल्या देशावर ठेवलं, एक बोट गोलाच्या खालच्या अंगाला नेलं आणि म्हणाले, "म्हटलं तर आपल्या पायाखाली."

मामाजींनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं. सासूबाई, म्हणजे कौशल्याबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, त्या अंगणातल्या विहिरीकडे पाहत म्हणाल्या, "मंग परस्थान हिरीत सोडाचं का?"

शेवटी निकाल दिला गोजरबाईने. गोजरबाई म्हणजे गावाच्या वेशीकडच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी, शब्दाची फार पक्की. ती म्हणाली, "यष्टी जिकडं तोंड करून उभी राह्यते, तिकडं त्याचं जानं. तिकडं ठेवा." बुलढाण्याची एसटी उभी राहायची ती नेमकी गोजरबाईच्या घराकडे तोंड करून. म्हणून गाठोडं तिच्याच खुंटीवर गेलं. मामाजींनी बजावलं, "जिवापाड सांभाळजो." तेवढं बोलले नसते तर पुढचं काही झालं नसतं.

दुसरा घोळ वजनाचा. विमानात वीस किलो सामान चालतं असं पत्रात लिहिलं होतं. मामाजींनी कांद्याच्या गोण्या तोलायचा मोठा काटा लिंबाच्या फांदीला टांगला आणि बॅग पारड्यात ठेवली. एकतीस किलो भरली. आत्याबाईंनी तीत कुरडया, सांडगे, शेंगदाण्याची चटणी, दोन शेर तुरीची डाळ आणि एक पाटा घातला होता. वरवंटा त्यांनी ह्यांना कोटाच्या खिशात न्यायला सांगितला होता. मामाजी एकेक वस्तू काढत, आत्याबाई ती दुसऱ्या बाजूने परत घालत, आणि हे बाजेवरून ओरडत, "माय, तिथी जेवन देतात." सकाळी सुरू झालेलं वजन दुपारी जुळलं, तेव्हा बॅगेत कुरडया होत्या आणि बूट बाहेर होते. मग बूट पायात घालूनच बसायचं ठरलं. ते बूट नवे होते, हे तीन दिवस अंगणात बूट घालून भाकरी खात होते.

आता माझं सांगते. या सगळ्या गडबडीत मला एकच गोष्ट हवी होती. साडी नको होती, घड्याळ नको होतं. मला माझ्या नावाचं पत्र हवं होतं.

आमच्या घरी पत्र यायचं ते मामाजींच्या नावाने. माझ्या माहेरचं पत्रसुद्धा त्यांच्याच नावाने, आणि अगदी शेवटी एक ओळ, चि. सौ. विमलला आशीर्वाद. मामाजी ते अंगणात उभं राहून मोठ्याने वाचायचे आणि भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवायचे. वर्षभर नवऱ्याची अशी एकेक ओळ चार माणसांत ऐकायची, हे मला सोसणारं नव्हतं. एकदा मळ्यात मिरच्या तोडताना मी ह्यांना बोलूनही पाहिलं. हे म्हणाले, "बाच्या नावानं नाई लिवलं तर बा काय म्हनन?" आणि मिरच्या तोडत पुढे गेले.

पण ह्यांचा एक स्वभाव मला माहीत होता. काम अर्धं करून हातात दिलं की उरलेलं ते मुकाट्याने पुरं करतात. म्हणून मी आमच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका काढल्या, त्यांची कोरी बाजू कापून बारा चिठ्ठ्या केल्या, वर्षाचे महिने बारा म्हणून. अमेरिकेहून आलेल्या पाकिटावरचा इंग्रजी पत्ता पाहून पाहून प्रत्येकीवर उतरवला, फक्त ह्यांच्या नावाआधी माझं नाव घातलं. इंग्रजीत व कसा काढतात ते गुरुजींना विचारलं, शेजारच्या पोरीला शिकवायचंय अशी थाप मारून. ह्यांनी पाकिटावर फक्त चिठ्ठी चिकटवायची होती.

या चिठ्ठ्या द्यायच्या कशा? समोरासमोर द्याव्यात तर हे पुन्हा बाचंच नाव काढणार, आणि सोमवारपासून तर हे बाहेर, मी आत, आणि मध्ये उंबऱ्यावर आत्याबाई. सोमवारी सकाळी मामाजी म्हणाले, "त्याच्या वापरातली एखांदी चीज दे गाठोड्यात टाकाले." मी सदऱ्याची घडी दिली. त्या घडीत पासपोर्ट घातला आणि पासपोर्टात चिठ्ठ्या. गाठोडं कोणी उघडत नाही, उघडणार ते हेच, गाव सोडल्यावर. आणि पासपोर्ट हातात आला की चिठ्ठ्या दिसणारच. त्या वेळी मला माझी अक्कल फार मोठी वाटली. मी दिवसभर स्वतःशीच हसत होते.

बुधवारी दुपारी गुरुजी यादी घेऊन आले आणि शाळेतल्यासारखी हजेरी घ्यायला लागले. तिकीट? आहे. सुया टोचल्याचं पिवळं पुस्तक? आहे. पासपोर्ट?

पुढचा तासभर आमच्या घरात जे झालं ते सांगायची सोय नाही. कणग्या उपसल्या. गाद्या उसवल्या. ह्यांना आत यायची बंदी, म्हणून ते अंगणातून सांगत, "ट्रंकेच्या मांगं पाह्य, देवाच्या फळीवर पाह्य," आणि घरात सगळे एकमेकांवर आदळत. मामाजींना बकरीचा संशय आला. त्यांनी तिचं तोंड उघडून आत पाहिलं. बकरीने त्यांचं धोतर चावलं.

मला वाटलं, पटकन गोजरबाईकडे जावं, चिठ्ठ्या काढून घ्याव्यात आणि मग पासपोर्ट सापडला म्हणून सांगावं. चिठ्ठ्या द्यायची दुसरी काहीतरी युक्ती काढता आली असती. "विरजन आनतो गोजरमायकडून," असं म्हणून मी वाटी घेऊन पळाले. तिच्या दाराला कुलूप. खिडकीच्या गजांतून पाहिलं तर खुंटीवर गाठोडं नाही. शेजारीण म्हणाली, "तिच्या पोरीले पोरगा झाला ना, सकाळीच रोहिणखेडले गेली. गाठोडं घेऊन गेली. म्हने, जिवापाड सांभाळाले सांगतलं, सुन्या घरात कसं ठेवू."

रिकामी वाटी घेऊन मी परत आले. आता सांगण्यावाचून गती नव्हती.

"पासपोर्ट परस्थानात हाये," मी म्हणाले. "मीच ठेवला. अन् परस्थान रोहिणखेडले गेलं."

मामाजी कांद्याच्या गोणीवर बसले. "काऊन ठेवला वं माय?"

"वापरातली चीज दे म्हनले ना तुमी."

चिठ्ठ्यांचं मी काढलं नाही. मामाजींना राग आला होता, पण हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांना ठसका लागला. रोहिणखेड बुलढाण्यापासून आडबाजूला, आणि तिकडे जायला त्या दिवशी गाडी उरली नव्हती. सकाळी जावं, तर गोजरबाई तिकडून निघालेली आणि आम्ही इकडून, वाटेत चुकामूक व्हायची. ती शब्दाची पक्की, गुरुवारी शालिग्राम गाठोडं न्यायला येणार हे तिला माहीत होतं. ती सकाळच्या गाडीने येईलच, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि देवाला नारळ बोलले. हे मात्र माझ्याकडे एकटक पाहत होते. त्यांना काहीतरी कळलं होतं, पण विचारणार कसे, ते अमेरिकेत आणि मी चुलीपाशी.

गुरुवारी नऊ वाजता बुलढाण्याहून गाडी आली, तीच परत जाणारी. अर्धं गाव स्टॅंडवर. एकेक माणूस उतरलं, कोंबड्या उतरल्या, गोजरबाई काही उतरली नाही. आत्याबाई गाडीत चढून बाकांखाली पाहायला लागल्या. तेवढ्यात कंडक्टरने मामाजींना हाक मारली.

"महादेवराव तुमीच ना? एक म्हातारी बुलढान्याच्या स्टॅंडवर बसून हाये, मांडीवर गाठोडं घेऊन. मी म्हटलं चाल, बस. तर म्हने, एवढं पुढं आलेलं परस्थान मी माघारी नेत नसतो. त्याईलेच इकडं पाठव."

मामाजींनी मान डोलवली. मग म्हणाले, "बरोबर हाये तिचं." आणि लगेच आमच्याकडे वळून, "चला, सगळेच बसा गाडीत. आता कोनावर इस्वास नाई राह्यला माहा."

अशी मी गाडीत चढले. खरं तर मला अंगणातूनच निरोप द्यायचा होता, तोही मान खाली घालून. आता मी गुरुजींसकट सगळ्यांबरोबर बुलढाण्याला निघाले होते, आणि नाचावंसं वाटत होतं, आणि रडावंसंही. गाठोडं माझ्या हाती पहिल्यांदा पडलं तर लाज वाचणार होती. हे पुढच्या बाकावर बूट घालून ताठ बसले होते. दोनदा त्यांनी मागे वळून पाहिलं आणि दोन्हीदा आत्याबाईंनी त्यांना सांगितलं, "मांगं पाहू नको, निघालेल्या मानसानं मांगं पाह्यत नसते."

स्टॅंडवर गोजरबाई खरंच बाकावर मांडी घालून बसली होती. शेजारी मलकापूरची गाडी घरघर करत उभी. मी धावत पुढे गेले. "द्या गोजरमाय, मी घेतो."

"सरक," गोजरबाई म्हणाली. "ज्यानं देलं त्याच्याच हाती देईन."

मामाजींनी गाठ सोडली. सदरा झटकला. पासपोर्ट खाली पडला, आणि पासपोर्टातून माझ्या बारा चिठ्ठ्या स्टॅंडभर उडाल्या. माणसं त्या वेचायला धावली. कोणी म्हणालं नोटा आहेत. एक चिठ्ठी मलकापूरच्या ड्रायव्हरने चाकाखालून काढून आणून दिली.

मामाजींना मराठी वाचता यायचं, इंग्रजी नाही. त्यांनी चिठ्ठ्या गुरुजींच्या हातात दिल्या. गुरुजींनी चष्मा लावला. "मिसेस विमल शालिग्राम, मुक्काम पोस्ट धाड, जिल्हा बुलढाणा." दुसरी उलटली. "मिसेस विमल शालिग्राम, मुक्काम पोस्ट धाड." तिसरी. गुरुजींना सुरू केलेलं अर्धवट सोडायची सवय नव्हती. त्यांनी बाराच्या बारा वाचल्या, आणि प्रत्येक वेळी स्टॅंडवरची सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, गुरुजींची ती पायाखालची अमेरिका आत्ताच्या आत्ता उघडावी आणि मी तिच्यात पडावं.

"हे काय हाये?" मामाजींनी विचारलं.

आता लपवायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे मला एकदम हलकं वाटलं. मी पदर सावरला आणि सांगितलं, "पत्र माझ्या नावानं यावं मनून मी लिहून देलं."

"घरात पत्र कर्त्याच्या नावानं येते. मी काय मेलो का?"

"नाई मामाजी. तुमच्या नावानंबी येऊ द्या. पन माझ्याबी नावानं यावं. मले वाचता येते."

हे आपल्या बुटांकडे पाहत होते. मलकापूरच्या कंडक्टरने घंटी मारली. तेवढ्यात आत्याबाईंनी गुरुजींच्या हातातली एक चिठ्ठी घेतली, उलटी धरली, तिच्यावरून अंगठा फिरवला.

"यात माहं नाव कोनतं?"

"तुमचं नाई यात, आत्याबाई."

"मंग लिही."

"तुले वाचता कुठी येते?" मामाजी म्हणाले.

"मले वाचाले नाई पाह्यजे. हातात घ्याले पाह्यजे." आत्याबाई त्यांच्याकडे न पाहता बोलत होत्या. "तेहत्तीस वर्सं झाले या घरात येऊन. डाकवाल्यानं एक डाव माहं नाव नाई घेतलं."

मामाजी तोंड उघडून उभे राहिले. बकरीचं पाहिलं होतं तसं कोणी त्यांचं पाहिलं असतं तर आत एकही शब्द सापडला नसता. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातला पेन काढला. तो पेन ते कोणाला हात लावू देत नसत. टोपण काढून त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

कोरा कागद कोणाकडेच नव्हता. मी एका चिठ्ठीवरचं माझं नाव खोडलं आणि गुरुजींना विचारून विचारून वर कौशल्याबाई महादेवराव असं लिहिलं. गोजरबाई बाकावरून उठून आली. "अन् माहं? परस्थान कोनं सांभाळलं?" मग आणखी एक माझं नाव गेलं. शेजारी उभी असलेली एक अनोळखी बाईही पुढे सरकायला लागली, तिला कंडक्टरने गाडीत ढकललं.

हे गाडीत चढले. खिडकीत बसून त्यांनी चिठ्ठ्या मोजल्या, आणि मग आईवडिलांसमोर, गुरुजींसमोर, साऱ्या बुलढाण्यासमोर मला नावाने हाक मारली.

"विमल. महिने बारा, अन् तुह्या चिठ्ठ्या दहाच राह्यल्या."

"दोन महिने हातानं लिहा," मी म्हणाले. "तवरक पत्ता पाठ होईन."

गाडी हलली. मामाजी हसत सुटले ते थांबेचनात. गोजरबाईने रिकामं फडकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि सांगितलं, हे आता घरी नेलं तरी चालते. आत्याबाई मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

दीड महिन्याने डाकवाला अंगणात आला आणि ओरडला, "कौशल्याबाई." कोणी उठलं नाही. तो पुन्हा ओरडला. आत्याबाई मिरच्यांचे देठ खुडत होत्या, त्या म्हणाल्या, "हे महादेवरावाचं घर हाये, बापा." आणि मग त्यांच्या हातातली मिरची खाली पडली.

पाकिटावर माझी चिठ्ठी होती, माझ्या खोडलेल्या नावासकट. पहिलं पत्र माझं नाही म्हणून मला राग आला, खोटं कशाला बोलू. आत्याबाईंनी हात दोनदा धुतले, पाकीट घेतलं आणि उंबऱ्यावर बसून राहिल्या. मामाजींनी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. दिवे लागायच्या वेळी त्यांनी मला हाक मारली. "वाचून दाखव. पन हळू वाच, बुढ्याले आयकू नको जाऊ देऊ."

मी वाचलं. कुरडया संपल्या असं होतं, बूट चावतात असं होतं, इथली वांगी नुसती मोठी आहेत असं होतं. आत्याबाई मान हलवत ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी पाकीट तारेत ओवलं नाही, आपल्या पेटीत ठेवलं. कडी लावता लावता म्हणाल्या, "तुहं येईन ना, तवा तू एकलीच वाच. मी इचारनार नाई."

माझं पत्र पुढच्या मंगळवारी आलं. ते मी मळ्यात जाऊन वाचलं. आत्याबाईंनी विचारलं नाही, म्हणून तुम्हालाही सांगत नाही.